शुभदाचा प्रोग्राम आणि देवाचा बोकड

धाराशिवला जाऊन आलो म्हटलं की पुण्यातली माणसं विचारतात, तुळजापूरला दर्शन कसं झालं? मी तुळजापूरला गेलो नव्हतो. मी वाशी तालुक्यातल्या एका गावी, शेळ्या पाळणाऱ्या बायकांकडे गेलो होतो, आणि सोबत लॅपटॉप होता. एवढं सांगितलं की पुढे काय विचारावं ते समोरच्याला सुचत नाही. म्हणून जरा सावकाश, लिहूनच सांगतो.

माझी धाकटी बहीण शुभदा जनावरांची डॉक्टर होती. शेवटची बरीच वर्षं ती त्या भागात शेळ्यांवर काम करत होती. तिकडची शेळी काळी, लांब कानांची, बहुतेक वेळा जुळी देणारी. पण गावात बोकड एखाददुसराच असतो. तोच बाप, तोच भाऊ असं पिढ्यान्‌पिढ्या होत राहिलं की करडं अशक्त निपजतात. म्हणून शुभदाने बायकांच्या गटासाठी एक प्रोग्राम लिहिला. मोबाइलवर शेळी निवडायची, बोकड निवडायचा. दोघांचं नातं तपासून प्रोग्राम ‘चालेल’ म्हणे किंवा ‘नको’ म्हणे.

प्रोग्राम लिहायला ती माझ्याकडून शिकली, तेही फोनवर. मी पोटापाण्यासाठी हेच करतो, आणि ज्या जातीच्या भाषेत करतो तिला फंक्शनल म्हणतात. तिचा स्वभाव असा की ती हुकमांपेक्षा उत्तरांवर चालते. ‘हे कर, मग ते बदल, मग पुन्हा बघ’ असं सांगण्याऐवजी ‘याचं उत्तर हे’ असं लिहायचं. शुभदाला ही गोष्ट आवडायची. म्हणायची, रोगनिदान असंच असतं.

गेल्या पावसाळ्यात ती गेली. आजारपण लहानच होतं, पण पुरलं.

कार्तिकात गटाच्या प्रमुख महानंदाबाईंचा फोन आला.

“भाऊ, ताईंचं ते मोबाइलवरलं आमी बंद करायलोत. त्याच्या सांगण्यावरनं रजियाभाबीनं शेळी फळवली अन करडं गेली. तुमाला न सांगता बंद करणं बरं दिसंना, म्हणून फोन केला.”

“कधी बंद करणार?”

“येळवशीच्या अवसेला सगळ्या शेतात जमतेत. तवा ठरवू.”

“तोवर थांबाल? मी येतो.”

“या की. घर तुमचंच हाय. पण येऊन करणार काय?”

“तिनं लिहिलेलं वाचतो,” मी म्हणालो. तिच्या हातचं जे चालू होतं ते एवढंच उरलं होतं, आणि ते बंद होणार होतं.

धाराशिव

सकाळी स्टेशनवर उतरलो तेव्हा चांगलीच थंडी होती. स्टेशन गावाबाहेर आहे. रिक्षातून येताना दुकानांच्या पाट्या वाचत होतो. नव्या पाट्यांवर धाराशिव, जुन्यांवर उस्मानाबाद. एका पाटीवर नवा रंग पातळ बसला होता आणि खालून जुनं नाव दिसत होतं.

“आता उस्मानाबादी शेळीला काय म्हणायचं?” मी रिक्षावाल्याला विचारलं.

“तिला कोण इचारतंय,” तो म्हणाला. “ती आपलं नाव घेऊन दुसऱ्या राज्यात गेली. परत आली तर बगू.”

बसस्थानकाजवळ एका गाड्यावर पोहे खाल्ले. वर शेव नव्हती, भरपूर शेंगदाणे होते आणि बाजूला एक तळलेली मिरची. ती मी पूर्ण खाल्ली ही चूक झाली. वाशीच्या एसटीत चढलो तेव्हा डोळ्यांतून पाणी येत होतं, आणि शेजारच्या म्हाताऱ्या बाईंनी काही न विचारता पाण्याची बाटली पुढे केली. गेल्या काही महिन्यांत माझ्या डोळ्यांतल्या पाण्याला इतकं साधं कारण पहिल्यांदाच मिळालं होतं.

महानंदाबाईंची ओसरी

घर पत्र्याचं, पुढे लिंब, लिंबाला बांधलेल्या चार शेळ्या. मागे बालाघाटाची डोंगररांग आणि तिच्यावर सावकाश फिरणाऱ्या पवनचक्क्या. रस्त्याच्या दोन्ही अंगांना तूर पिवळी पडत चाललेली आणि ज्वारी पोटऱ्यात आलेली.

महानंदाबाई पन्नाशीच्या, उंच, बोलण्यात धारदार. कपाळावर विभूती. माहेर उमरग्याकडचं, त्यामुळे चिडल्या की कानडीत शिरतात. त्यांचे यजमान काशिनाथअप्पा कमी बोलतात आणि बायको बोलत असताना तर बोलतच नाहीत.

“जेवलात का?” हा पहिला प्रश्न. नाही म्हणेपर्यंत ताट आलं. ज्वारीची भाकरी, शेंगाची चटणी, ओल्या तुरीच्या दाण्यांची आमटी. पुण्यात आम्ही पाहुण्याला ‘काय घेणार?’ विचारतो आणि त्याने ‘काही नको’ म्हणण्याची सोय ठेवतो. इथे ती सोय नव्हती. भाकरी संपत आली की दुसरी न विचारता ताटात पडे.

आणखी एक फरक मला पहिल्याच दिवशी जाणवला. माझ्या ओळखीची माणसं शुभदाचा विषय टाळतात. मी खोलीत आलो की बोलणं हवापाण्यावर जातं. ते चांगुलपणानेच वागतात, पण त्यामुळे ती दुसऱ्यांदा गेल्यासारखं वाटतं. इथे तिचं नाव दर चार वाक्यांनी येत होतं. ताईला ही चटणी लई आवडायची. ताईनं त्या पायरीवर घसरून हात मोडून घेतला होता, सांगत होते तर ऐकली न्हाय. ताईचं गाडी चालवणं म्हणजे बोलायचं काम न्हाय. महानंदाबाई चक्क तिच्यावर रागावत होत्या. मी खाली मान घालून जेवत होतो आणि मला फार बरं वाटत होतं.

दुपारी रजियाभाबी आली. शेजारचंच घर. पदर डोक्यावर, हातात बाभळीच्या शेंगांची पाटी. ती ओसरीच्या कडेला टेकली.

“भाईजान, राग मानू नका,” ती म्हणाली. “ताईनं स्वतः सांगितलं असतं तर मी डोळे मिटून ऐकलं असतं. पण ती मशीन हाय, ताई न्हाय.”

तिने सगळं सांगितलं. तिच्याकडे चांदी नावाची शेळी आहे, कानावर पांढरा ठिपका असलेली. उन्हाळ्यात चांदी माजावर आली तेव्हा प्रोग्रामला विचारून तिला महानंदाबाईंच्या राजा नावाच्या बोकडाला दाखवली. शुभदा गेल्यानंतर दोन करडं झाली. एक मेलेलंच जन्मलं. दुसऱ्याचा जबडा वाकडा होता, त्याला आचळ धरता येईना. तिने बोळ्यानं दूध पाजलं, पण ते आठवडाभरही टिकलं नाही.

“आता चांदी पुन्हा माजावर यायच्या बेतात हाय. गावात बोकड राजाच. मशीनला इचारलं तर म्हणतंय ‘चालेल’. तवाबी चालेलच म्हणलं होतं.”

महानंदाबाई शेंगा निवडत म्हणाल्या, “माझ्या राजात खोट न्हाय हं.”

“तुमच्या राजाला कोण बोललं, अक्का? तुमी त्याला अंडी चारता. माझ्या घरात कुणाला मिळंनात.”

दोघी हसल्या. मी मोबाइल घेऊन स्वतः पाहिलं. चांदी. राजा. ‘चालेल.’

तिचा कोड

ओसरीवर गोणपाट टाकून मी शुभदाचा प्रोग्राम उघडला. ती गेल्यापासून मी तो वाचला नव्हता. नावं तिचीच होती, इंग्रजी अक्षरांत मराठी: बोकड, आई, आजी, पणजी. एका ठिकाणी तिने स्वतःसाठी लिहिलं होतं, ‘हे दादाला आवडणार नाही. नंतर नीट करते.’

ज्यांनी कधी कोड पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. प्रोग्राम दोन तऱ्हांनी लिहिता येतो. एका तऱ्हेत आधी एक डबा मांडायचा, त्यात काहीतरी घालून ठेवायचं, मग खाली उतरत जायचं आणि वाटेत जे कळेल त्याप्रमाणे डब्यातलं बदलत राहायचं. शेवटी डब्यात जे असेल ते उत्तर. दुसऱ्या तऱ्हेत डबा नसतो. ‘असं असेल तर हे, तसं असेल तर ते’ हे सगळं वाक्यच एक उत्तर असतं. ते वाक्य कुठेही संपलं तरी हातात काहीतरी ठेवूनच संपतं. आमची भाषा दुसऱ्या तऱ्हेची आहे, पण अडचणीत माणसाला ती पहिली तऱ्हाही वापरू देते. शुभदा घाईत होती, दिवसभर खेड्यांतून फिरून रात्री लिहीत होती. तिने बरेच डबे मांडले होते.

मी एकेक काढायला लागलो. चूक शोधायची म्हणून नव्हे, खरं तर मला तिच्या अक्षरांत थोडा वेळ बसायचं होतं. काम सोपं होतं, पण हात चालत नव्हता. माझ्या प्रत्येक नव्या ओळीसाठी तिच्या चार ओळी पुसाव्या लागत. एक डबा काढायचा, प्रोग्राम चालवून बघायचा, उत्तरं पूर्वीचीच येतात ना याची खात्री करायची, मग पुढचा. दिवेलागणीपर्यंत अर्धं काम झालं होतं आणि प्रोग्राम अजून चांदी-राजाला ‘चालेल’च म्हणत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या ‘दादाला आवडणार नाही’च्या जागी आलो. तिथला डबा मोठा होता. नाव ‘नातं’, आणि सुरुवातीला त्यात घातलेलं ‘नाही’. खाली प्रश्न: बाप घरचा बोकड असेल तर असं तपास, दुसऱ्या मालकाचा असेल तर तसं तपास, नातं निघालं तर डब्यातलं बदल. मी डबा काढला. त्यासोबत ती टीपही पुसली. डबाच राहिला नाही, तर त्यावरची चिठ्ठी कशाला? मग बापाच्या मालकावरून सगळं एकाच वाक्यात मांडलं.

तेव्हा कंपायलर अडला. कंपायलर म्हणजे आपण लिहिलेलं चालवण्याआधी तपासणारा. त्याने सांगितलं, एका वाटेचं उत्तर दिलेलं नाही. बापाच्या मालकाची जागा रिकामी असेल तर काय म्हणायचं?

डबा होता तोवर हा प्रश्न त्याने कधी विचारला नव्हता. जागा रिकामी असेल तर प्रोग्राम काही न करता खाली जाई, आणि डब्यात आधीपासून ‘नाही’ पडलेलंच असे. नातं नाही, म्हणजे चालेल.

“महानंदाबाई, मालक नसलेला बोकड असतो का हो?”

“असं कसं असंल? मालक नसंल तर लांडग्याचा हुईल.”

“इथे काही शेळ्यांच्या बापापुढे मालक लिहिलेलाच नाही.”

“कुणाच्या?”

मी नावं वाचली. सात-आठ होती. त्यात रजियाभाबीची चांदी होती आणि महानंदाबाईंचा राजाही होता. त्यांचं सूप हातात थांबलं.

“त्या देवाच्या,” त्या म्हणाल्या.

“म्हणजे?”

“देवाच्या बोकडाच्या. सोनारीच्या भैरवनाथाला नवस बोलून सोडलेला हाय. चार गावं फिरतो. ज्याच्या दारात जाईल त्यानं मूठभर घालायचं. मग वाटेत कुणाची शेळी माजावर असली की...” त्यांनी हात उडवला. “त्याला मालक कसा असंल?”

“शुभदाला हे सांगितलं होतं?”

“ताईंनी इचारलं, मालक कोण. म्हणलं, मालक न्हाय. त्या पुढं गेल्या. भाऊ, देवाच्याला हाणत न्हाईत, इकत न्हाईत, मोजत न्हाईत. मग लिवायचा कुठला?”

यावर मी काही बोलणार तोच लिंबामागून तो स्वतः आला. एवढा मोठा बोकड मी पाहिला नव्हता. गळ्यात घंटी, शिंगाला वाळलेल्या झेंडूचं सुतळीत अडकलेलं एक फूल, आणि वास असा की आधी वास आला मग बोकड. तो बांधलेल्या शेळ्यांकडे एक नजर टाकून सरळ ओसरीवर चढला आणि माझ्या पिशवीत तोंड घालून लॅपटॉपची वायर चघळायला लागला.

“हाकला की!” मी म्हणालो.

“देवाचा हाय, हाणायचं न्हाय,” महानंदाबाई बसल्या जागेवरून म्हणाल्या.

काशिनाथअप्पांनी घरातून तुरीचं भुसकट आणून त्याला दाखवलं, तेव्हा तो सावकाश उतरला. वायरीचे दोन तुकडे झाले होते. अप्पा तुकडे हातात घेऊन बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, “नाव काढलं की हजर झाला. तुमचं काम देवापत्तर पोचलं म्हणायचं.” त्यांचं तोवरचं सर्वांत मोठं वाक्य.

मग अप्पांच्या मोटारसायकलवरून वाशीला गेलो. बाजारचा दिवस नव्हता, पण मोबाइलच्या दुकानात हर तऱ्हेची वायर टांगलेली होती. दुकानदाराने काय झालं विचारलं. अप्पा म्हणाले, “बोकडानं खाल्ली.” दुकानदाराने मान हलवली आणि न हसता जुळणारी वायर शोधून दिली. पुण्यात मला हे तीनदा समजावून सांगावं लागलं असतं.

वाचून दाखवणं

संध्याकाळी गावी परतून त्या सात-आठ नोंदींत मालकाच्या जागी ‘देवाचा’ भरलं आणि उरलेलं वाक्य पुरं केलं. आता बापाच्या चार वाटा झाल्या: घरचा, दुसऱ्याचा, देवाचा, आणि ठाऊक नाही. दोघांचा बाप देवाचा असेल तर बाप एकच धरायचा, कारण त्या चार गावांत देवाचा बोकड तो एकच. आणि ठाऊक नसेल तर ‘चालेल’ही नाही, ‘नको’ही नाही. तिथे मी तिसरं उत्तर ठेवलं: ‘विचारा’.

चांदी, राजा. प्रोग्राम म्हणाला, ‘नको.’

रजियाभाबीला बोलावलं. ती आली, मोबाइलकडे न बघता माझ्याकडे बघायला लागली.

“चांदीचा आणि राजाचा बाप एकच आहे,” मी म्हणालो. “देवाचा बोकड.”

“या अल्ला,” ती हळूच म्हणाली. खाली बसली. “म्हणजे भाऊ-बहीण. अन मी माझ्या हातानं दोरी धरून नेली.”

मग महानंदाबाई म्हणाल्या, “आमी ताईंना सांगितलं न्हाय. आमचं चुकलं.”

मी ते तसंच राहू देऊ शकलो असतो. मनातून वाटलंही. पण ते खरं नव्हतं. “तुम्ही सांगितलं होतं की मालक नाही,” मी म्हणालो. “चूक शुभदाच्या लिहिण्यात होती. रिकाम्या जागेला तिनं नातं नाही असं धरलं. रिकामी जागा दिसली की थांबायला हवं होतं.”

रजियाभाबीने मान वर केली. “म्हणजे ताईबी चुकायची?”

“चुकायची.”

“बरं वाटलं ऐकून. मला लई शहाणी वाटायची ती. तिच्यासमोर शेळीसुद्धा नीट उभी राहायची.”

महानंदाबाईंना हसू आलं, मग अप्पांना, मग मलाही. तिच्या जाण्यानंतर तिच्यावर मी पहिल्यांदाच हसत होतो.

“पण आता मशीनवर इश्वास कसा ठेवू?” रजियाभाबी म्हणाली. “तुमी सांगा, मशीन नको.”

“येळवस झाली की मी जाईन. तुम्हीच तपासा. मी वाचून दाखवतो.”

आणि मी वाचलं. वरून खाली, जसं लिहिलं होतं तसं, फक्त मराठीत. दोघांची आई एक असेल तर: नको. दोघांचा बाप घरचा आणि तोच असेल तर: नको. दोघांचा बाप देवाचा असेल तर: नको. कालपर्यंत हे वाचून दाखवता आलं नसतं. डब्यात आधी काय होतं, मग काय झालं, हे लक्षात ठेवत कुणी ऐकू शकत नाही. आता प्रत्येक ओळ एक प्रश्न होती आणि तिच्याच शेजारी तिचं उत्तर.

“अन बापच ठाऊक नसंल तर?” तिने मध्येच अडवलं.

“तर ‘विचारा’.”

“ह्ये ब्येस केलं. ठाऊक न्हाय तर ठाऊक न्हाय म्हणावं. माणसालाबी जमत न्हाय ते.”

“अन आजा एक असंल तर?” महानंदाबाई.

ते पुढच्या ओळीत होतं. तेही वाचलं. त्या दोघी मला अडवत गेल्या, मी वाचत गेलो. एका ठिकाणी मी खरंच अडकलो: शेळी वाट्यानं, म्हणजे अर्ध्या करडांच्या बोलीवर, दुसऱ्या घरी दिली तर तिचा घरचा बोकड कोणता धरायचा? ती ओळ तिथेच बसून बदलली.

“ऐकताना खरं वाटतंय,” रजियाभाबी उठताना म्हणाली. “आता चांदीला बोकड कुठला, ते सांगा.”

गटाच्या सगळ्या बोकडांवर प्रोग्राम चालवला. जवळचे सगळे देवाच्या बोकडाच्या गोतातले निघाले. ‘चालेल’ एकच: सोनारीजवळ एका तात्यांकडचा, शुभदाने परांडा तालुक्यात काम केलं तेव्हा नोंदवलेला.

“आता आली का पंचाईत,” महानंदाबाई म्हणाल्या. “नवरा लांबचा निघाला.”

सोनारी

सकाळी चांदीचं ओरडणं ऐकून जाग आली. शेपूट हलवत होती, वैरणीला तोंड लावत नव्हती. माज फार तर उद्यापर्यंत टिकणार. अप्पांनी ओळखीचा पिकअप आणला. त्यांना भैरवनाथाच्या दर्शनाला जायचंच होतं. मागे भुसकट पसरून चांदीला चढवलं, शेजारी रजियाभाबी. महानंदाबाई पुढे बसायला तयार होईनात.

“वऱ्हाडातल्या बायका नवरीसंगं बसतेत,” त्या म्हणाल्या आणि मागेच चढल्या. मग मीही.

भूमकडे वळल्यावर वाऱ्यावर आटत्या दुधाचा वास यायला लागला. रस्त्याकडेला खव्याच्या भट्ट्या, त्यांवर मोठ्या कढया, आणि कढईत एकसारखं फिरणारं खुरपं. एका भट्टीपाशी थांबून कोमट खवा विकत घेतला, पळसाच्या पानावर साखर भुरभुरून. पुण्यात खवा म्हणजे फ्रीजमधला पांढरा ठोकळा. हा तपकिरी होता, दाणेदार, जरासा धुरकट. चांदीनेही मान पुढे केली. “लग्नाआधी नवरीनं इतकं खाऊ न्हाय,” रजियाभाबीने तिला बजावलं आणि पान चाटायला दिलं.

परांडा मागे टाकून सोनारीजवळ आलो. तात्या वाट बघत उभे होते. शुभदाचा भाऊ म्हटल्यावर त्यांनी माझा हात धरला आणि थोडा वेळ सोडला नाही. त्यांचा बोकड लहान चणीचा, पण डोळे स्वच्छ, पाय सरळ. महानंदाबाईंनी त्याच्याभोवती एक फेरी मारली, जबडा उघडून दात पाहिले.

“माझ्या राजाची सर न्हाय,” त्या म्हणाल्या. “पण नात्यातला न्हाय, ते खरं.”

चांदीची दोरी रजियाभाबीच्या हातात होती. ती क्षणभर थांबली, तिने माझ्याकडे बघितलं. तिने दोरी तात्यांच्या हातात दिली. जे व्हायचं ते लवकर आटोपलं.

मग आम्ही देवळात गेलो. रजियाभाबी चांदीजवळ सावलीत थांबली. सोनारीत माकडं माणसांइतकीच आहेत आणि जास्त ओळखीने वागतात. माझ्या हातातली नारळाची पिशवी पायरीवरच गेली. ज्याने नेली तो कमानीवर बसून मला दाखवून नारळ आपटत होता. अप्पा म्हणाले, “पोचला. कुणाच्याबी हातानं.”

आत गर्दी नव्हती. मी काही मागितलं नाही. हात जोडून उभा राहिलो तेव्हा डोक्यात एवढंच होतं की या बाईंनी, या अप्पांनी, त्या तात्यांनी माझ्या बहिणीला इतकी वर्षं जेवू घातलं, दटावलं, दारात गाडीतून उतरवून घेतलं, तिचं ऐकलं. मी पुण्यात बसून समजत होतो की ती तिकडे एकटी आहे.

येळवस

आमच्याकडे मार्गशीर्षातल्या अमावास्येला काही विशेष नसतं. वाशीकडेही सगळ्यांकडे येळवस नसते, पण महानंदाबाई उमरग्याकडची लेक, त्यांनी ती लग्नात सोबत आणली आणि आता निम्मं गाव त्यांच्या शेतात येतं. कडब्याची खोप, आत चुन्याने रंगवलेले दगड, समोर पूजा. मग जेवण. भज्जी म्हणजे आपली भजी नव्हेत. तूर, वाटाणा, हरभरा, भुईमूग, पालेभाज्या, सगळं बेसनात शिजवलेलं, घट्ट. सोबत बाजरीचे वाफवलेले उंडे आणि मडक्यातलं आंबील. शेतावरून जाणाऱ्या अनोळखी माणसालाही बोलावून बसवतात, आणि नाही म्हटलं तर खरोखर वाईट वाटून घेतात.

जेवणं झाल्यावर बायका बांधावर बसल्या. मी जरा लांब, अप्पांच्या शेजारी बसलो. आपण मध्ये बोलायचं नाही असं ठरवलं होतं. महानंदाबाईंनी घडलेलं सगळं सांगितलं, वायरीसकट. एका म्हातारीने विचारलं, देवाचा बोकड लिहिणं बरं का? पाप लागेल.

“नाव लिवलं न्हाय, मोजलं न्हाय,” महानंदाबाई म्हणाल्या. “नुस्तं ‘देवाचा’. देवाचा हाय हे म्हणायला कसलं पाप?”

म्हातारीने विचार केला. “मग असू दे.”

“बंद करायचं का ठेवायचं, ते बोला,” दुसरी म्हणाली.

सगळ्या रजियाभाबीकडे बघायला लागल्या. करडं तिची गेली होती, म्हणून शब्दही तिचाच.

ती उंड्याचा तुकडा मोडत होती. “चांदीला करडं हुईस्तोवर ठेवा,” ती म्हणाली. “उन्हाळ्यात बघू. करडं उभी राहिली तर ऱ्हाऊ द्या. न्हाय तर मीच भाईजानला फोन करून सांगंन, बंद केलं म्हणून.”

मला ते रास्त वाटलं. दुसऱ्या दिवशी निघताना महानंदाबाईंनी पिशवीत शेंगाची चटणी, ज्वारीचं पीठ आणि रानातल्या चार वाळक्या वायरीसारख्या शेंगा घातल्या. त्या कशाच्या हे मी विचारलं नाही. काशिनाथअप्पा फाट्यापर्यंत सोडायला आले आणि एसटी येईपर्यंत माझ्याजवळ उभे राहिले.

पुणे

परत आल्यावर मी ऑफिसात नेहमीचं काम करत राहिलो. आता माझ्या हाताखालच्या मुलांच्या कोडमध्ये डबा दिसला की मी विचारतो, जागा रिकामी असेल तर काय? ते उत्तर शोधायला जातात.

वैशाखात, भर दुपारी, रजियाभाबीचा फोन आला. तिचा नंबर दिसला तेव्हा मी लगेच उचलला नाही. ती फोन करीन म्हणाली होती ते बंद केल्याचं सांगायला. दोन-तीन वेळा वाजू दिला, मग उचलला.

“भाईजान, चांदी व्याली. रातच्याला.”

“मग?”

“दोन. एक नर, एक पाट. थांबा.”

फोन कुठेतरी टेकवल्याचा आवाज आला. मग लांबून महानंदाबाई कुणावर तरी कानडीत ओरडत होत्या. मग जवळून, अगदी जवळून, एक बारीक ओरडणं, आणि त्याच्यावर दुसरं.

“उभी ऱ्हायली का?” मी विचारलं. मी त्यांच्यासारखंच बोललो हे मला नंतर कळलं.

“उभी? माझ्या पदराला ओढायलीत. ऐकू येतंय ना?”

“येतंय,” मी म्हणालो, आणि दोघांपैकी कुणीच फोन ठेवला नाही.